डिस्चार्ज कार्डावरचे तीन शब्द

मेंदूच्या झटक्यानंतर रुग्णाला घरी सोडताना जे डिस्चार्ज कार्ड हातात मिळतं, त्यावर गोळ्यांची नावं असतात, मिलिग्रॅममध्ये मात्रा असते, सकाळी किती नि रात्री किती ते असतं, मिठाबद्दलची सूचनाही असते. आणि अगदी खाली, सहीच्या जवळ, तीन शब्द असतात : ‘फिजिओथेरपी चालू ठेवावी.’ किती महिने, आठवड्यातून किती वेळा, कोणाकडे, कशासाठी, यातलं काहीच नसतं. रक्तदाबाची गोळी अशी कोणी लिहून देईल का? नाव नाही, मात्रा नाही, नुसतंच ‘गोळी चालू ठेवावी’? मी तीस वर्षं ऑक्युपेशनल थेरपीचं, मराठीत ज्याला व्यवसायोपचार म्हणतात त्याचं, काम केलं. त्यातली बहुतेक वर्षं सार्वजनिक रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात गेली. अशी कार्डं किती पाहिली त्याचा हिशोब नाही. हे पुस्तक त्या तीन शब्दांचा विस्तार आहे, आणि तो आधीच व्हायला हवा होता.

ज्यांच्या घरात नुकतंच हे घडलं आहे, त्यांच्या हाती हे पुस्तक पडेल. म्हणून आधी त्या घराबद्दल. आपल्याकडे अजूनही ‘अंगावरून वारं गेलं’ असं म्हणतात. शब्दप्रयोग जुना आहे आणि त्यामागे एक समजूत आहे : वारं आलं तसं आलं, आता ते अंगातून उतरलं तर उतरेल, नाहीतर राहील. माणसानं फक्त वाट बघायची. पहिले पंधरा दिवस घर पाहुण्यांनी भरलेलं असतं. प्रत्येकाकडे एक उपाय असतो. कोणी तेल सुचवतं, कोणी कबुतराच्या रक्तानं मालिश करायला सांगतं, कोणी राजस्थानातल्या बुटाटीला सात दिवस घेऊन जा म्हणतं. बुटाटीला जाऊन आलेल्या रुग्णांवर मी कधी रागावले नाही. पलंगावर पडून असलेल्या माणसाला घरच्यांनी दोन्ही बाजूंनी धरून रोज देवळाभोवती चालवलं, हे मला त्यातलं मोलाचं वाटायचं. माझा प्रश्न एवढाच असायचा की आठव्या दिवसापासून काय?

महिन्याभरात पाहुणे पांगतात. रुग्ण आधारानं उभा राहू लागलेला असतो, दोन शब्द बोलू लागलेला असतो, आणि घराला हायसं वाटतं. मग कुठून तरी एक वाक्य घरात शिरतं : ‘सहा महिन्यांत जेवढं येईल तेवढंच.’ हे वाक्य कधी डॉक्टरांकडून येतं, कधी शेजाऱ्याकडून. या एका वाक्यानं जेवढे हात कायमचे मिटले, तेवढे झटक्यानंही मिटले नसतील असं मला कधी कधी वाटतं.

या वाक्यात अर्धं सत्य आहे, म्हणूनच ते टिकून राहिलं आहे. झटका येतो तेव्हा मेंदूचा एक भाग रक्तावाचून किंवा रक्तस्रावानं मरतो, पण त्याच्या आजूबाजूचा बराच भाग मेलेला नसतो. तो सुजलेला असतो, गप्प झालेला असतो. सूज ओसरते, रक्तपुरवठा सावरतो, तसा तो भाग पुन्हा कामाला लागतो. पहिल्या तीन महिन्यांत जी झपाट्यानं सुधारणा दिसते, तिच्यात या आपोआप होणाऱ्या दुरुस्तीचा वाटा मोठा असतो. ती दुरुस्ती पुढे मंदावते, हे खरं. पण तिच्यासोबत दुसरं एक काम चाललेलं असतं, ते म्हणजे शिकणं. मेंदूचा शाबूत भाग सरावातून नव्या वाटा पाडतो, मेलेल्या भागाचं काम थोडंफार अंगावर घेतो. साठाव्या वर्षी माणूस पोहायला शिकू शकतो, तसाच झटक्यानंतर दीड वर्षानंही तो पेला धरायला शिकू शकतो. लंडनच्या क्वीन स्क्वेअर इथल्या हाताच्या उपचारकेंद्रानं २०१९ साली आपल्या २२४ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. झटका येऊन गेल्याला साधारण दीड वर्ष झालेली ही माणसं. तीन आठवड्यांत सुमारे ९० तासांचे उपचार त्यांनी घेतले. हात सुधारले, आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हा ती सुधारणा टिकलेली होती.

यातला ९० हा आकडा मला महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे ‘फिजिओ चालू आहे’ याचा अर्थ पुष्कळदा असा असतो की कोणीतरी येऊन वीस मिनिटं हात-पाय हलवून जातं आणि रुग्ण छताकडे बघत पडलेला असतो. पण हात दुसऱ्यानं हलवला तर मेंदू शिकत नाही, सांधा तेवढा मोकळा राहतो. शिकण्यासाठी हालचाल रुग्णानं स्वतः करायची असते, कामासाठी करायची असते आणि पुष्कळ वेळा करायची असते. अमेरिकेत कॅथरीन लँग यांच्या गटानं २००९ साली प्रत्यक्ष उपचारांच्या वेळी बसून मोजदाद केली. हाताची कामाची हालचाल एका सत्रात सरासरी ३२ वेळा होत होती, आणि तीही निम्म्याच सत्रांत. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांच्या मेंदूत बदल दिसायला अशा शेकडो आवर्तनांची गरज पडते. तो लेख वाचला त्या दिवशी मी माझ्या विभागात कोपऱ्यात बसून मोजलं. आमचा आकडा लिहायला मला आजही संकोच वाटतो. त्यानंतर आम्ही प्रत्येक रुग्णाच्या हाती वही दिली आणि घरी केलेल्या आवर्तनांच्या उभ्या रेघा मारायला सांगितल्या, दुधाच्या हिशोबासारख्या. या पुस्तकाच्या शेवटी कोरी पानं आहेत ती त्यासाठी.

आता बाह्यरुग्ण उपचारांचा दीर्घकाळचा फायदा म्हणजे काय, ते सांगते, कारण त्याची कल्पना फार चुकीची असते. लोक विचारतात, ‘अजून किती सुधारणा होईल?’ तो प्रश्न बरोबर आहे, पण अर्धा आहे. उरलेला अर्धा प्रश्न असा : आलेलं किती टिकेल? घरी राहणाऱ्या, झटक्यानंतर वर्षाच्या आतल्या रुग्णांवर झालेल्या १४ चाचण्या, मिळून १,६१७ माणसं, यांचा एकत्रित अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यातून निघालं ते असं की घरी किंवा बाह्यरुग्ण म्हणून थेरपिस्टचे उपचार मिळाले, तर दर शंभरांमागे सुमारे सात माणसं खालावण्यापासून वाचतात. ती पूर्ववत होतात असं नाही. अंघोळ, कपडे, शौचाला जाणं, जेवण यांत जिथवर आली होती तिथून मागे जात नाहीत. सात हा आकडा वर्तमानपत्राच्या मथळ्यात शोभणार नाही. पण ज्या घरात आजोबा स्वतः मोरीपर्यंत जात होते आणि आता डायपरवर आहेत, त्या घराला विचारा.

खालावणं हळूच येतं. दुबळा हात कुशीत धरून ठेवायची सवय लागते, कोपर दुमडतं, बोटं तळव्यात रुततात, वर्षभरात नखं कापणंही अवघड होतं. उठवताना घरची माणसं त्याच हाताला धरून ओढतात, आणि खांद्याचा सांधा खाली सरकतो. मग रात्रभर कळा, आणि कळांच्या भीतीनं हालचाल बंद. मुठीत चेंडू दाबत राहायचा सल्ला तर गावोगाव दिला जातो. पण ज्याची बोटं आधीच आवळलेली आहेत, त्याला आणखी आवळायला शिकवून काय साधणार? त्याला शिकवायचं असतं हात उघडायला. हे घरच्यांना कळत नाही, यात त्यांचा दोष नाही. दर पंधरा दिवसांनी जाणत्या नजरेखालून गेलं, तर हे सगळं वेळीच दिसतं. त्याच खेपेला रक्तदाब मोजला जातो, गोळ्या संपल्या की बंद केल्या ते कळतं, आणि दुसऱ्या झटक्याची वाट तिथेच अडवता येते. झटक्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य गाठतं. ते बहुतेक वेळा डॉक्टरांच्या टेबलासमोर कळत नाही. बाकावर शेजारी बसलेल्या दुसऱ्या रुग्णाच्या बायकोला कळतं. ‘हे हल्ली बोलतच नाहीत,’ एवढं ती तिसरीला सांगते, आणि ते आमच्यापर्यंत पोहोचतं.

‘घरीच करून घेऊ, माणसं आहेत आमच्याकडे,’ असं सांगणारं कुटुंब मी आदरानं ऐकते. मीही बराच काळ त्याच मताची होते. मग भारतातच मोठी चाचणी झाली, ‘अटेंड’ नावाची. १४ रुग्णालयं, १,२५० रुग्ण. निम्म्यांच्या घरच्या माणसाला रुग्णालयात असतानाच व्यायाम आणि काळजी शिकवली, उरलेल्यांना नेहमीचेच उपचार मिळाले. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले : सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन दोन्हीकडे सारखंच, ४७ टक्के. मी तो लेख वाचून दोन दिवस अस्वस्थ होते, कारण ज्यांनी ही चाचणी केली त्यांनी ती आपल्यासारख्या देशासाठी, थेरपिस्ट कमी आहेत म्हणून केली होती, आणि ती यशस्वी व्हावी असं मला मनापासून वाटत होतं. माझ्यापुरता मी त्यातून अर्थ घेतला तो असा : घरच्यांची माया थेरपिस्टची जागा घेऊ शकत नाही, आणि उपचारांचा भार एकट्या सुनेवर किंवा बायकोवर टाकणं तर अन्यायच आहे. थेरपिस्टनं शिकवायचं, घरानं गिरवायचं, आणि पुन्हा थेरपिस्टनं तपासायचं, हे चक्र महिनोन् महिने फिरावं लागतं. शाळेतला गृहपाठ शाळेत न जाता कसा होईल?

माझ्या व्यवसायाला मुंबईत ज्यांनी रुजवलं, त्यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. कमलाबाई निंबकर. जन्मानं अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लुंडी. लग्न करून इथल्या झाल्या. १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्यांनी भारतातलं पहिलं व्यवसायोपचाराचं विद्यालय सुरू केलं. फलटणच्या ‘कमला निंबकर बालभवन’ शाळेमुळे त्यांचं नाव आज तिथल्या मुलांच्या तोंडी आहे. पाच वर्षांनी, १९५५ साली, हाजी अलीला पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. म्हणजे सत्तर वर्षांपूर्वी या कामाची पायाभरणी आपल्याच अंगणात झाली होती. तरीही आजच्या रुग्णाला ‘व्यवसायोपचार’ हा शब्द ऐकून नोकरी लावून देणारं खातं आठवतं, याची खंत वाटते.

व्यवसाय म्हणजे इथे माणसाच्या दिवसातली कामं. पुस्तकी व्यायाम आणि आपलं जगणं यांत फार अंतर असतं, आणि ते बाह्यरुग्ण उपचारांतच भरून निघतं, कारण रुग्ण घरी जाऊन अडतो आणि अडलेलं घेऊन परत येतो. भाकरीचं घ्या. परातीत पीठ मळताना एका हातानं परात धरायची, दुसऱ्यानं रेटायचं. मग थापताना बोटं पसरून ताल धरायचा आणि भाकरी फिरवत राहायची. तव्यावर टाकताना मनगट वळायचं. एका भाकरीत मी आखू शकणार नाही इतके व्यायाम आहेत. सातारा भागातल्या एक आजी आमच्याकडे प्लास्टिकच्या शंकूंना हात लावत नव्हत्या. ‘हा पोरखेळ कशाला, बाई?’ म्हणायच्या. दुसऱ्या दिवशी मी ज्वारीचं पीठ आणि परात मांडली. त्या पाऊण तास उठल्या नाहीत. उजवा हात गेलेल्या माणसाला चारचौघांत डाव्या हातानं जेवायची लाज वाटते आणि तो लग्नकार्याला जाणंच सोडतो. लुगड्याच्या निऱ्या, सदऱ्याची बटणं, देशी पद्धतीचा संडास, मांडी घालून बसणं, लोकलच्या डब्यात चढणं : हे प्रश्न पहिल्या महिन्यात पडतच नाहीत. पाचव्या, आठव्या, चौदाव्या महिन्यात पडतात. तेव्हा केसपेपर बंद झालेला असला तर रुग्णानं ते कोणाला विचारायचे?

डोक्याला मार लागलेल्यांची गोष्ट याहून अवघड. मोटारसायकलवरून पडलेला पंचविशीचा मुलगा महिन्याभरानं चालत घरी येतो. हात-पाय ठीक, टाके भरलेले. सगळे देवाचे आभार मानतात. मग तो गॅस बंद करायला विसरतो, वडिलांच्या अंगावर धावून जातो, दुकानात बसवला तर तासाभरात थकून झोपतो. ‘स्वभावच बदलला,’ आई म्हणते. स्वभाव बदललेला नसतो. कपाळामागचा, स्वतःला आवरण्याचा आणि कामांचा क्रम लावण्याचा मेंदूचा भाग दुखावलेला असतो. ही जखम एक्स-रेवर दिसत नाही आणि शेजाऱ्यांना तर नाहीच. १९७३च्या युद्धानंतर येहुदा बेन-यिशाय यांनी इस्रायलमध्ये मेंदूला इजा झालेल्या सैनिकांसाठी दिवसाचं केंद्र चालवलं. रुग्णानं यायचं, चारजणांत मिसळायचं, आपली उणीव ओळखून तिच्याशी जुळवून घ्यायला शिकायचं आणि घरी परतायचं. पुढे न्यूयॉर्कमध्ये ही पद्धत वाढली. आपल्याला तसं केंद्र जवळ मिळेलच असं नाही. पण खिशातली वही, मोबाइलचा गजर, दिवसाचं ठरलेलं वेळापत्रक, दुपारची सक्तीची विश्रांती, रागाच्या आधी छातीत काय होतं ते ओळखणं, हे सगळं बाह्यरुग्ण विभागात शिकवता येतं. याला महिने लागतात, वर्षंही लागतात. रशियन मेंदूतज्ज्ञ अलेक्झांडर लुरिया यांचा रुग्ण असलेला झासेत्स्की नावाचा सैनिक १९४३ साली डोक्यात गोळी लागून जायबंदी झाला. वाचणं त्याच्यासाठी जवळजवळ अशक्य होऊन बसलं. शब्द शोधत, दिवसाकाठी काही ओळी अशा गतीनं, पंचवीस वर्षांत त्यानं आपल्या स्थितीबद्दल सुमारे तीन हजार पानं लिहिली. तो बरा झाला नाही. पण तो त्या पानांवर रोज काम करत राहिला. माझ्या मते पुनर्वसनात याचीही गणना व्हायला हवी.

पैशांबद्दल स्पष्ट लिहिते. बाह्यरुग्ण उपचार थांबतात ते रुग्ण कंटाळला म्हणून क्वचित. बहुतेक वेळा रिक्षाचं भाडं आणि सोबत येणाऱ्याची बुडणारी रोजंदारी यांमुळे थांबतात. आरोग्य विमा बहुधा भरती झाल्यावर कामाला येतो. भरतीनंतरचा खर्च मिळालाच तर साधारण ६० किंवा ९० दिवसांपुरता, म्हणजे लांबचा प्रवास सुरू होतो तिथेच मदत संपते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचाघातामुळे कायमचं बोलणं गेलेल्यांचाही स्पष्ट समावेश आहे. ते प्रमाणपत्र काढायला लाज बाळगू नका. आणि शहरापासून लांब राहणाऱ्यांबद्दल काय बोलावं? गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेनं ८६ गावांत मृत्यूंची कारणं शोधली, तेव्हा दर शंभर मृत्यूंतले चौदा झटक्यानं झालेले निघाले, इतर कोणत्याही एका कारणापेक्षा जास्त, आणि त्यातले बहुतेक घरातच. जे जगले ते त्याच गावांत आहेत. त्यांना आठवड्यातून तीनदा मुंबईत परळला या म्हणणं ही क्रूर थट्टा होईल. घरातल्या पडद्यावरून थेरपिस्टनं घेतलेला सराव केंद्रातल्या सरावाच्या तोडीचा ठरू शकतो, हे १२४ रुग्णांच्या अमेरिकन चाचणीत २०१९ साली दिसलं. तालुक्याच्या रुग्णालयात एक थेरपिस्ट आणि गावात एक चांगला फोन, एवढं तरी मागायला आपण आता कचरू नये.

त्याच वेळी, महागड्या यंत्रांसाठी जमीन विकू नका असंही मला कळकळीनं सांगायचं आहे. अमेरिकेत ४०८ रुग्णांवर तपासून पाहिलं : पट्ट्यांनी टांगून ट्रेडमिलवर चालवलेले आणि घरी थेरपिस्टच्या देखरेखीखाली साधे ताकदीचे, तोलाचे व्यायाम केलेले, दोघांचंही चालणं वर्षभरानं सारखंच सुधारलं होतं. निम्म्याहून थोडे अधिक रुग्ण चालण्यात वरच्या पायरीवर गेले होते. आणि जे गेले नाहीत, त्यांच्याशी खोटं बोलू नये. काही हात उघडत नाहीत. मी तसं सांगते आणि मग दुसऱ्या हातानं, दुसऱ्या पद्धतीनं, दुसऱ्या उंचीच्या ओट्यावर काय करता येईल त्याकडे वळते.

एस. टी.मधले एक कंडक्टर आमच्याकडे यायचे. महाडकडचे, मुलाकडे डोंबिवलीला राहिलेले. उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही. डाव्या गोलार्धाचा झटका, वाचाघात. पहिले तीन महिने एकच अक्षर : ‘बा’. बायकोला ‘बा’, पाण्याला ‘बा’, रागालाही ‘बा’. वाचाघातात मुद्दाम जुळवलेलं बोलणं जातं, पण पाठ झालेलं पुष्कळदा खोलवर शिल्लक असतं : पाढे, आरती, वार. आमच्या स्पीच थेरपिस्टनं सगळं करून पाहिलं. एक दिवस त्यांनी कंडक्टरांच्या पत्नीला, वहिनींना, यजमानांची जुनी ड्युटी विचारली आणि टेबलावर बोटानं ठेका धरत म्हटलं, ‘महाड...’ कंडक्टर थांबले. मग तोंडातून आलं, ‘पोलादपूर.’ आणि पाठोपाठ, घाट चढून, ‘महाबळेश्वर, पाचगणी, वाई, सातारा.’ वहिनींनी पदर तोंडाला लावला. कंडक्टरांनी पुन्हा महाडपासून सुरुवात केली.

तिथून ‘चहा’ या शब्दाला चार महिने लागले, मुलाच्या नावाला सात. आठवड्याला तीन खेपा, मग दोन, मग एक. दुसऱ्या वर्षी महिन्यातून एकदा. केसपेपर तीनदा बदलावा लागला, कारण जुना घड्यांवर फाटला. तिसऱ्या वर्षी, पावसाळ्यानंतर, ते एकटे आले. वहिनींची वाट पाहत मी दाराकडे बघत होते. त्यांनी डाव्या हातानं सदऱ्याच्या खिशातून लोकलचं तिकीट काढलं, माझ्या टेबलावर ठेवलं, आणि ते कुठून कुठपर्यंतचं आहे ते अडखळत, पण पूर्ण, वाचून दाखवलं. मग उजवा हात उचलून टेबलावर ठेवला आणि व्यायामाला बसले.